खाणवस्तीचा जावई

"वाचून दावा की," नरसाबाई म्हणाली. "कवापासनं उभी हाय. समदे बघत्यात आन टाळ्या वाजवत्यात. लिवलंय तरी काय?"

गुढीपाडव्याची सकाळ होती. नांदथर नगरपालिकेला शंभर वर्षं झाली म्हणून वर्षभर उत्सव करायचा ठरला होता आणि त्याचा भलाथोरला फलक नुकताच नगरपालिकेसमोर उभा राहिला होता. वर झेंडूच्या माळा, खाली बारा ओळी. दर महिन्याच्या पौर्णिमेला गावातल्या एका भागाने सगळ्या गावाला आपल्याकडे बोलवायचं, आपल्याकडचं जे काही असेल ते दाखवायचं आणि जेवू घालायचं, अशी योजना. चैत्र गणपती पेठेचा, वैशाख मोमीन गल्लीचा, ज्येष्ठ कोष्टी आळीचा, असं करत करत फाल्गुनापर्यंत.

मी खुशीत होतो, कारण ती यादी माझी होती. रंगाऱ्याने ती माझ्याच वहीवरून उतरवली होती. मी घसा साफ केला आणि एकेक ओळ मोठ्याने वाचली. नरसाबाईच्या डोक्यावर पाटा होता आणि काखेत वरवंटा. ती नाल्यापलीकडच्या खाणवस्तीतली, वडाराची म्हातारी. दगड फोडून पाटे घडवायचे आणि गावात विकायचे, हा त्या वस्तीचा पिढीजात धंदा. मी वाचत होतो तशी ती मोकळ्या हाताच्या बोटांवर मोजत होती. फाल्गुन, माळीमळा, म्हणून मी थांबलो.

"आन खाणवस्ती?" तिने विचारलं.

मी फलक पुन्हा वरून खाली वाचला, जणू काही मधेच कुठेतरी ती ओळ उगवणार होती.

"ऱ्हायली व्हय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या." आणि डोक्यावरचा पाटा सावरून चालू लागली. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता ती यादी कशी झाली ते सांगायला हवं, म्हणजे चूक कोणाची ते कळेल. मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होतो. लांब दांड्याची चावी सायकलला बांधून गावभर फिरायचं, रस्त्यातली झाकणं उचलायची आणि ज्याची वेळ असेल त्या भागाला पाणी सोडायचं, हा माझा एकवीस वर्षांचा उद्योग. दिवाळीत उत्सव समितीची पहिली बैठक झाली तेव्हा गावाचे भाग किती, यावरूनच जुंपली. कोणी म्हणे अठरा, कोणी म्हणे चोवीस. तेली आळी वेगळी धरायची की पेठेतच, यावरून दोघेजण तर चपला घालून निघालेच होते. समितीचे अध्यक्ष उपासे सर. हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक, विषय गणित. त्यांनी टेबलावर बोट आपटलं आणि कोपऱ्यात चहाची वाट बघत बसलेल्या मला विचारलं, "फुलारी, तुम्ही पाणी किती ठिकाणी सोडता?"

"बारा व्हॉल्व्ह आहेत, सर."

"बारा व्हॉल्व्ह, बारा महिने. झालं तर मग. जिथवर पाणी जातं तिथवर गाव."

बैठकीने टाळ्या वाजवल्या. मी नोंदवहीतून बारा नावं उतरवून दिली आणि घरी जाऊन सिंधूला, म्हणजे माझ्या बायकोला, तो सगळा प्रकार तिखटमीठ लावून सांगितला. खाणवस्तीला व्हॉल्व्ह नव्हता. नाल्यापलीकडे पाइपच गेलेला नव्हता, तिथे आठवड्यातून दोनदा टँकर जायचा. आणि गंमत अशी, की बारा भागांना ज्या दगडी हौदातून पाणी जातं, तो हौद खाणवस्तीच्याच लोकांनी बांधलेला. एकवीस वर्षं मी रोज त्या हौदावर चढत होतो. ज्यांना मी पाणी सोडत नव्हतो ते माझ्या वहीत नव्हते, आणि वहीत नव्हते म्हणून गावातही नव्हते. मला लाज वाटली. नुसती वाटली नाही, अंगाला चिकटली.

दुपारी सरांकडे गेलो. सर पाडव्याचं जेवण करून आरामखुर्चीत पडले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पत्रिका छापून वाटल्यासुद्धा, आता तेरावा भाग कुठे बसवायचा? कोणी आपल्या महिन्यात जोडून घेत असेल तर विचारून बघा. मी चार दिवस विचारत हिंडलो. सगळे आधी हो हो म्हणायचे आणि मग हळूच पुस्ती जोडायचे, की त्यांनी यावं, बसावं, खुशाल जेवावं, फक्त स्वयंपाक आमच्याकडून. एकाने तर सरळच सांगितलं, की त्यांच्या हातचं गाव जेवणार आहे का, उगाच त्या बिचाऱ्यांचाच अपमान व्हायचा.

हे सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी तसं म्हणत नाही, फुलारी. पण लोक म्हणतात," ते म्हणाले. हेच उत्तर एखाद्या पोराने वर्गात दिलं असतं तर सरांनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

चैत्रातली पौर्णिमा झाली. गणपती पेठेने लेझीम काढलं, मसालेभात आणि जिलबी घातली. सगळं गाव ढेकर देत घरी गेलं आणि माझ्या घशाखाली जिलबी उतरेना. दोन दिवसांनी सकाळी बघतो तर सिंधू भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून उभी. "अहो, यंदा धोंडा आहे," ती म्हणाली. "लेकीचा पहिलाच धोंडा, जावयाला बोलवायला नको का?"

दर तीन वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो. त्या वर्षी ज्येष्ठ दोन होते, आधी अधिक आणि मग खरा. अधिक महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, कोणी नवं काही काढत नाही. फक्त लेक-जावयाला घरी बोलवून पुरणाचे धोंडे जेवू घालतात. मी फलक डोळ्यांपुढे आणला. चैत्र, वैशाख आणि मग थेट ज्येष्ठ. जास्तीचा महिना त्यावर नव्हताच. मी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि काखेत मारून सरांच्या घरी गेलो.

सर म्हणाले, तो महिना मी मुद्दामच सोडलाय, अधिकात उत्सव करीत नाहीत. म्हटलं, मग तो मोकळाच आहे ना, सर? सरांनी कॅलेंडर हातात घेऊन बोटाने महिने मोजले. बाराचा हिशोब त्यांनीच मांडलेला, आणि आता वर्षच तेरा महिन्यांचं निघालं होतं. शेवटी म्हणाले, "द्या त्यांना. पण कोण जाईल, कोण नाही, याची हमी मी घेत नाही."

मी खाणवस्तीत गेलो तो गड जिंकल्यासारखा. नरसाबाई झोपडीपुढे पाटा घडवत होती, तिचा थोरला मुलगा हणमंता शेजारी छिन्नीला धार लावत होता. मी सगळं सांगितलं. हणमंताने मान वर केली नाही. "दुष्काळात तेरावा म्हैना म्हणत्यात, त्यो आमच्या वाट्याला," तो म्हणाला. "कुणी घेतला न्हाई म्हणून उरलेला. उरलंसुरलं वाढायची तुमची सवय जुनीच हाय, फुलारी."

त्यात खोटं काही नव्हतं. मी उठायला लागलो तेवढ्यात नरसाबाईने हातोडी खाली ठेवली. "ह्या म्हैन्यात तुमच्यात करत्यात तरी काय?"

"काही करत नाहीत. जावयाला जेवायला घालतात, बस."

ती पाट्यावरची भुकटी हाताने झाडत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या घरात पाटा कुणाचा हाय?"

"तुमचाच."

"उपासे मास्तरांच्या?"

"तुमचाच असणार. गावात दुसरं कोण घडवतं?"

"मग आमची लेक घरोघर नांदतीय की," नरसाबाई म्हणाली. "सारा गाव जावईच झाला आमचा. बोलवू त्याला."

हणमंता हसू दाबत होता, पण ते त्याच्या मिशीखालून निसटलंच.

पुढचा महिनाभर खाणवस्तीतल्या बायका गावात दारोदार फिरल्या. एरवीही त्या फिरायच्या, पाट्याला टाकी लावून द्यायला, म्हणजे झिजून गुळगुळीत झालेला पाटा छिन्नीने ठोकून पुन्हा खरखरीत करायला. या वेळी त्यांनी कोणाकडून काही घेतलं नाही. लेकीला बघायला आलोय म्हणायच्या, परसदारी बसून पाटा ठोकून द्यायच्या आणि जाताना सांगायच्या, पुनवेला अकरा वाजता जावयाला घेऊन धोंडा खायला या. गावातल्या बायका पेचात पडल्या. घरात मिक्सर आले होते, पण पाटा कोणी फेकला नव्हता, आणि धोंड्याचं बोलावणं नाही म्हणायची रीत नाही. कोणी हसल्या, कोणी दार लोटून घेतलं. सिंधूने नरसाबाईला कुंकू लावलं आणि सांगून टाकलं, की आमचा घरचा जावईसुद्धा तिथेच जेवेल.

वैशाखात मोमीन गल्लीचं सरबत आणि शिरखुर्मा झाला आणि मग माझी झोप उडाली. पौर्णिमेच्या आधी दोन दिवस मी सहज विचारतोय असं दाखवत गावात अंदाज घेतला. जो तो म्हणाला, बघू. नांदथरमध्ये बघू म्हणजे नाही. आणि तिकडे खाणवस्ती तीनशे माणसांच्या तयारीला लागली होती. मे महिन्याचा कडाका, टँकर आठवड्यातून दोनच. पुरण शिजवायला आणि पाहुण्यांना प्यायला पाणी पुरावं म्हणून सगळ्या वस्तीने चार दिवस आंघोळीला फाटा दिला होता आणि पिंपं भरून झाकून ठेवली होती. पाण्याचा माणूस असल्यामुळे एकेका पिंपाची किंमत मला कळत होती. नरसाबाईला म्हणावं, पन्नास माणसांचंच करा. तोंडापर्यंत आलं, बाहेर पडलं नाही. गाव आलं नाही तर त्या बाईने पुन्हा डोक्यावर पाटा घेऊन गावात पाऊल कसं टाकायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात घुमत होतं.

पौर्णिमेला दहा वाजताच आम्ही चौघे खाणवस्तीत हजर झालो. मी, सिंधू, लेक आणि जावई. खाणीच्या कडेला गोणपाटं शिवून मांडव घातला होता. घडीव दगडांची कुंपणासारखी रांग करून त्यांच्यावर रांगोळी काढली होती. एका बाजूला वस्तीचं काम मांडून ठेवलं होतं: पाटे, उखळं, जाती, तुळशीवृंदावनं, एक अर्धवट घडवलेला नंदी. मांडवात पत्रावळी मांडल्या होत्या आणि वारा आला की उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एकेक चिमुकला दगड.

अकरा वाजले. साडेअकरा वाजले. बारालाही नाल्याकडची वाट मोकळीच होती. पुरणाचा वास सुटला होता. वस्तीतल्या बायका नवी लुगडी नेसून मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या. साडेबाराला हणमंता आईजवळ आला. "ह्या चौघास्नी वाढ," तो म्हणाला. "आन बाकीचं आपल्या पोरांस्नी घाल. गाव काय येत न्हाई."

"जावई आल्याबिगर पान वाढत न्हाईत," नरसाबाई म्हणाली आणि मांडवाच्या तोंडाशी जमिनीवर बसली.

मला ते बघवेना. मी सायकल काढली आणि गावात आलो. मनात म्हटलं, आज एकेकाला दारातून ओढून काढीन आणि तोंडावर सांगीन काय ते. पण कोणाच्या दारात जायची वेळच आली नाही. नगरपालिकेसमोर लिंबाखाली दोन-अडीचशे माणूस उभं होतं. इस्त्रीच्या टोप्या, ठेवणीतली लुगडी, पोरांच्या डोक्याला तेल. मधोमध उपासे सर, जरीकाठी उपरणं घेऊन, घामाने निथळत. सगळ्यांची तोंडं फुगलेली.

मी म्हटलं, "सर, पानं मांडून दीड तास झाला. तुम्ही इथे काय करताय?"

"न्यायला कोण आलंय?" सर म्हणाले.

मला कळेना. सर चिडले. "फुलारी, जावई म्हणून बोलावलंय ना आम्हाला? जावई कधी आपल्या पायांनी सासुरवाडीला जेवायला जातो का? न्यायला माणूस यायला नको? दहापासून ताटकळतोय आम्ही."

मागून दोघातिघांनी माना डोलावल्या. कोणीतरी म्हणालं, बोलावलंय तर मान नको का राखायला? आणि मला हसू फुटलं. असं फुटलं की सायकल हातातून पडली. सगळं गाव जावयासारखं रुसून बसलं होतं. खरोखर वाट बघणारे किती आणि दुसऱ्याने पाऊल उचलू नये म्हणून देवाचा धावा करणारे किती, हे मला आजही सांगता येणार नाही. सरांनी तर ती रीत आधी निमित्त म्हणूनच काढली असावी. पण नुसत्या निमित्तासाठी ठेवणीतलं नेसून कोणी भर उन्हात अडीच तास उभं राहत नाही. मी हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

नरसाबाईला जाऊन सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला. "ह्ये मातुर आमचंच चुकलं," म्हणत ती उठली. तीनशे माणसांचं पुरण शिजवणाऱ्या त्या वस्तीत कोणालाच सुचलं नव्हतं, की गाव कोणीतरी न्यायला येण्याची वाट बघेल. हणमंताने हलगी गळ्यात अडकवली. पंधरा-वीस माणसं गावात गेली आणि जावयाला वाजतगाजत नाला ओलांडून घेऊन आली. त्यातल्या कित्येकांनी तो नाला आयुष्यात पहिल्यांदा ओलांडला असेल.

पंगत बसली. पहिल्या पानावर सर. नरसाबाईने स्वतः त्यांच्या पानात धोंडा वाढला आणि वर तुपाची धार धरली. सगळ्या पंगतीत वाढून झालं तरी कोणी घास उचलेना. प्रत्येकाचं लक्ष सरांच्या हाताकडे, आणि सरांचा हात पानाजवळ जाऊन थांबलेला.

नरसाबाईने ते पाहिलं. तिला काय समजायचं ते समजलं असणार, पण ती म्हणाली, "मास्तर, जावई पंगतीत रुसतोच म्हणत्यात. काय पायजे ते मागा, पण जेवा."

सरांनी वर पाहिलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांना प्रश्न विचारलेला माणूस तो, त्याला उत्तर द्यायला वेळ लागला. "काही नको," ते म्हणाले. "पुन्हा बोलवा." आणि त्यांनी धोंडा मोडून पहिला घास तोंडात घातला. मग पंगतीत भुरके सुरू झाले.

पण नरसाबाईचं झालं नव्हतं. तुपाचं भांडं हातात घेऊन ती तशीच सरांपुढे उभी होती. "धोंडा तीन सालानं येतोय, मास्तर," ती म्हणाली. "तवर तुमी बोलवा की. लेकीच्या घरी आईला कवा जेवायला बोलवणार?"

भुरके थांबले. इथे येऊन जेवणं एक, आणि तिला आपल्या घरात पाटावर बसवणं दुसरं, हे पंगतीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. सरांनी घास गिळला आणि सवयीने नियम सांगितला. "लेकीला मूल होईपर्यंत आई तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. रीत आहे तशी."

झालं, मला वाटलं. दारापर्यंत आलेलं सगळं मागे गेलं.

"पाट्याला वरवंटा हाय की," नरसाबाई म्हणाली. "तुमच्या बारशाला पोराच्या आदी त्योच पाळण्यात निजतो. तुमीच त्याला टोपरं घालता. नातू मोजायचं म्हणलं तर गावात घरोघर हाय माझा."

मग बायकांच्या पंगतीत एकीला हसू आलं, मग दुसरीला, आणि बघता बघता सगळा मांडव हसायला लागला. सर कानापर्यंत लाल झाले. त्यांच्या गणितात ती पायरी सुटली होती आणि खोडून काढायला जागा नव्हती. तेवढ्यात बायकांच्या पंगतीतून उपासेकाकू, सरांच्या पत्नी, बोलल्या. चारचौघांत त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"उद्याच या," काकू म्हणाल्या. "बारा वाजता. न्यायला फुलारींना पाठवते."

पुढे फाल्गुनात उत्सव संपला तेव्हा समितीच्या शेवटच्या बैठकीत सरांनीच ठराव मांडला, की गावाच्या सासुरवाडीला टँकरने पाणी जातं हे गावाला शोभत नाही. पाइप पडायला आणखी दोन वर्षं गेली. तेरावा व्हॉल्व्ह मी स्वतः फिरवला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्या वर्षाचं पुस्तक निघालं, त्यात फोटो आहेत, भाषणं आहेत. पण मला विचाराल तर शंभराव्या वर्षातली खरी गोष्ट त्या पंगतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घडली आणि ती बघायला बाहेरचा असा मी एकटाच होतो.

मी नरसाबाईला न्यायला गेलो. कालचंच लुगडं धुऊन, वाळवून नेसली होती. सरांच्या घराशी आलो तशी ती सवयीने बोळातून मागे वळली. पाटा ठोकायला ती कायम परसदारानेच यायची. मी काही म्हणायच्या आत पुढच्या दारातून काकूंनी हाक मारली, "अहो विहीणबाई, इकडून."

ती ओट्यावर चढली आणि दारात थांबली. मला वाटलं, संकोचली. सरांनाही तसंच वाटलं असावं, ते दोन पावलं पुढे आले. पण नरसाबाई खाली वाकली होती. उंबऱ्याच्या दगडावरून तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवला, काम तपासतात तसा.

"आमच्या मालकांनी बसवलेला ह्यो," ती म्हणाली. "माझं लगीन झालं त्या साली. केसभर हलला न्हाई, बघा."

सर त्या घरात जन्मले होते. ते उंबऱ्याकडे बघत राहिले. "मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"आता कळलं न्हवं?" नरसाबाई म्हणाली, आणि नवऱ्याने बसवलेला तो उंबरा पहिल्यांदाच ओलांडून आत गेली.